आयएसओ फाईल सीडीवर कशी उतरवायची: सात सीडी वाया घालवून शिकलेली रीत

माझ्या मामाच्या ज्वारीच्या रानात पाखरं हाकलायला जुन्या सीडी लटकवलेल्या असायच्या. त्यातल्या सात माझ्या हातच्या. तेव्हा मी तालुक्याच्या गावी एमएस-सीआयटीचे वर्ग घ्यायचे आणि वर्गातल्या जुन्या मशीनवर लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टिम) चालवून बघायचं खूळ डोक्यात शिरलं होतं. रात्रभर फाईल डाउनलोड करायची, सकाळी सीडी राईट करायची, मशीनमध्ये घालायची आणि काळ्या पडद्याकडे बघत बसायचं. की ती सीडी गेली रानात. मामा म्हणायचा, "अजून दोन-चार खराब कर गं, बांधाकडची बाजू उघडीच राहिलीय."

पुढे हिशोब मांडला तेव्हा कळलं, की सातपैकी पाच सीडी 'बर्न'चं, म्हणजे सीडी राईट करायचं, बटण दाबायच्या आधीच वाया गेल्या होत्या. बटण दाबल्यावरचं काम मशीन करतं. घोळ आपण त्याआधी घालून ठेवलेला असतो. म्हणून या लेखात प्रत्यक्ष बर्न करायची पायरी बरीच उशिरा येते. घाई असली तरी थेट तिथे उडी मारू नका.

आणि हो, तुमचं मशीन पेनड्राइव्हवरून चालू होत असेल तर सीडीच्या भानगडीत पडूच नका. पेनड्राइव्ह सोपा, वेगवान आणि पुन्हा वापरता येणारा. सीडी लागते ती मोजक्या ठिकाणी: पेंटियम-४च्या काळातलं मशीन, ज्याचं बायोस (मशीन चालू होताना सगळ्यात आधी जागं होणारं सॉफ्टवेअर) पेनड्राइव्हला विचारत नाही, एखादं जुनं यंत्र, ज्याचं सॉफ्टवेअर सीडीवरूनच चढतं, किंवा घरातली लग्नाची व्हीसीडी, म्हणजे चित्रफितीची सीडी, जिची नक्कल काकूंच्या जुन्या प्लेयरवर चालायला हवी आहे. यातलं काही असेल तर पुढे वाचा.

१. काय काय जमवायचं

- सीडी राइटर असलेला संगणक, किंवा यूएसबीला जोडायचा बाहेरचा राइटर
- कोऱ्या सीडी-आर, निदान दोन
- इमेज फाईल (आयएसओ किंवा तिच्या जातीची), आणि ती जिथून घेतली तिथेच दिलेला तिचा एसएचए-२५६ आकडा (फाईल धड आहे का ते तपासायला)
- बर्न करायचं सॉफ्टवेअर. विंडोज ७ पासून पुढे ते विंडोजमध्येच असतं. जास्त हाताळणी हवी असेल तर इमबर्न. लिनक्सवर ब्रासेरो किंवा के-थ्री-बी
- सेव्हन-झिप (फाईल तपासायला)
- सीडीवर लिहायचा मऊ टोकाचा मार्कर

राइटरची खात्री आधी करा. २००५च्या आसपासच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये 'कॉम्बो' ड्राइव्ह असायचा. तो डीव्हीडी वाचतो, पण लिहितो फक्त सीडी. त्याहून जुना ड्राइव्ह नुसता वाचणारा असू शकतो. ट्रेच्या पुढच्या पट्टीवर 'रिरायटेबल' किंवा 'रेकॉर्डेबल' असं बारीक अक्षरांत छापलेलं असतं, ते बघा.

बाहेरचा राइटर असेल तर तो यूएसबी हबमध्ये खुपसू नका. लिहिताना लेझरला आणि मोटरला वाचण्यापेक्षा जास्त वीज लागते, आणि ती अपुरी पडली की काम मधेच तुटतं. डेस्कटॉपच्या मागच्या बाजूच्या पोर्टला थेट जोडा. वायरला दोन यूएसबी टोकं असतील तर दोन्ही लावा. दुसरं टोक शोभेचं नसतं.

२. इमेज म्हणजे काय ते आधी डोक्यात बसू द्या

माझ्या पहिल्या दोन सीडी इथे गेल्या. मी आयएसओ फाईल धरली, सीडीच्या खिडकीत ओढून टाकली, राईट केली. सीडीवर फाईल व्यवस्थित दिसत होती. मशीन मात्र तिच्याकडे ढुंकून बघेना.

आयएसओ ही सीडीवर ठेवायची फाईल नाही. ती अख्ख्या सीडीची जशीच्या तशी नक्कल आहे. सीडीवरची माहिती २,०४८ बाइटच्या तुकड्यांत असते. या तुकड्यांना सेक्टर म्हणतात. शून्य क्रमांकापासून शेवटच्या सेक्टरपर्यंत सगळे ओळीने एका फाईलमध्ये भरले की झाली आयएसओ. नावही त्यातूनच आलं: सीडीवर फाईली कशा मांडायच्या याचं आयएसओ ९६६० हे मानक १९८८ साली ठरलं. त्यानुसार १६ क्रमांकाच्या सेक्टरपासून सीडीची ओळख सुरू होते. आणि सीडीवरून मशीन चालू व्हायचं असेल तर १७ क्रमांकाच्या सेक्टरमध्ये 'सुरुवात इथून कर' अशी नोंद लागते. हे नंतर, १९९५ साली ठरलं. बायोस ती नोंद ठरलेल्या जागीच शोधतं. तुम्ही आयएसओ एखाद्या फाईलसारखी सीडीत टाकलीत, तर ती नोंद त्या फाईलच्या पोटात कुठेतरी राहते आणि सीडीचा खरा १७वा सेक्टर रिकामाच.

वर्गात मी हे शिक्क्यावरून सांगायचे. शिक्का कागदावर उमटवायचा असतो, कागदात गुंडाळून द्यायचा नसतो. बर्न सॉफ्टवेअरमधला 'राइट इमेज' किंवा 'बर्न इमेज' हा पर्याय शिक्का उमटवतो. 'राइट फाईल्स', 'डेटा सीडी' हे पर्याय गुंडाळून देतात.

३. फाईलची जात ओळखा

विंडोज फाईलच्या नावाचं शेपूट लपवून ठेवतं. फाईल एक्सप्लोररच्या 'व्ह्यू' मेनूत जाऊन 'फाईल नेम एक्स्टेन्शन्स' चालू करा. मग खरी जात दिसेल.

आयएसओ सगळ्यात सोपी, सगळीकडे चालते.

बिन आणि क्यू ही जोडगोळी असते. बिनमध्ये माल, क्यूमध्ये त्याची यादी. सॉफ्टवेअरला नेहमी क्यू दाखवायची, बिन नाही. दोन्ही एकाच फोल्डरमध्ये असायला हव्यात आणि बिनचं नाव बदलायचं नाही, कारण क्यूच्या आत तेच नाव लिहिलेलं असतं. क्यू नोटपॅडमध्ये उघडून बघा. जेमतेम चार-पाच ओळी असतात.

एनआरजी नीरो या बर्न सॉफ्टवेअरची. एमडीएफ-एमडीएस ही अल्कोहोल नावाच्या सॉफ्टवेअरची जोडी. सीसीडी-आयएमजी-सब ही क्लोनसीडीची तिकडी. यातल्या बहुतेक इमबर्नला समजतात. डीएमजी मॅकची. ती मॅकवरच हाताळलेली बरी.

आता तिसऱ्या सीडीची गोष्ट. मशीनवर विनरार (फाईली दाबायचं आणि सोडवायचं सॉफ्टवेअर) असेल तर ते आयएसओ फाईल आपली म्हणून टाकतं आणि तिच्यावर पुस्तकांच्या गठ्ठ्याचं आपलं चित्र चिकटवतं. बघणाऱ्याला वाटतं, ही तर झिपसारखी दाबलेली फाईल. मलाही तेच वाटलं. उजवं क्लिक, 'एक्स्ट्रॅक्ट', आतून निघालेले फोल्डर सीडीवर राईट. फोल्डर सगळे, फाईली सगळ्या, फक्त १७व्या सेक्टरची नोंद गायब. ती नोंद कुठल्याच फोल्डरमध्ये नसते, त्यामुळे असं सोडवलं की ती मागेच राहते. विंडोज ८ पासून याच चुकीची नवी आवृत्ती आली आहे. आयएसओवर दोनदा क्लिक केलं की ती 'माउंट' होते, म्हणजे एखादी सीडी घातल्यासारखी नवी ड्राइव्ह दिसते. लोक त्या ड्राइव्हमधल्या फाईली कॉपी करून खऱ्या सीडीवर टाकतात. आत काय आहे ते बघायला माउंट करा, हरकत नाही. सीडी करायला मात्र नको.

थोडक्यात, फाईल आयएसओ असेल तर तिला सोडवू नका. याला अपवाद एकच: डाउनलोड झालेली फाईल झिप किंवा रार असेल तर ती एकदा सोडवायची, आतून आयएसओ निघेल, आणि तिथे थांबायचं.

४. मावते का?

८० मिनिटांच्या सीडीवर ३,६०,००० सेक्टर असतात. गुणिले २,०४८, म्हणजे ७३,७२,८०,००० बाइट. फाईलवर उजवं क्लिक करून 'प्रॉपर्टीज' उघडा आणि 'साइज'पुढचा बाइटमधला आकडा बघा, एमबीतला नव्हे. एमबी मोजायच्या दोन पद्धती आहेत, १,००० ची आणि १,०२४ ची, आणि कोण कुठली वापरतंय ते आकड्यावरून कळत नाही. वरचा बाइटचा आकडा विंडोजच्या भाषेत ७०३ एमबी होतो. ७४ मिनिटांच्या जुन्या सीडीवर जेमतेम ६५० मावतात.

बिन फाईलला हा हिशोब लागू नाही, आणि इथे भलेभले फसतात. लग्नाच्या व्हीसीडीची बिन फाईल ७८० एमबीची दिसते आणि माणूस म्हणतो, ७०० च्या सीडीत कशी जाणार? जाते. एका सेक्टरमध्ये खरं तर २,३५२ बाइट असतात. संगणकाच्या सीडीत त्यातले २,०४८ माहितीला देऊन बरेचसे उरलेले चुका दुरुस्त करण्यासाठी राखून ठेवतात. चित्रफितीत एखादा ठिपका चुकला तर बिघडत नाही, म्हणून व्हीसीडी त्या राखीव जागेतही माल भरते. बिनमध्ये २,३५२ च्या २,३५२ बाइट उतरतात. त्यामुळे ८० मिनिटांच्या सीडीवर बिन फाईल ८४,६७,२०,००० बाइटपर्यंत जाऊ शकते. उलट बाजूने हेही लक्षात ठेवा: व्हीसीडीची नक्कल आयएसओमध्ये घेतली तर चित्रफीत खराब होते. ती बिन-क्यूमध्येच घ्यायची.

फाईल सीडीत मावत नसेल तर डीव्हीडी घ्या. डीव्हीडीच्या पाकिटावर ४.७ जीबी छापलेलं असतं, विंडोजच्या मोजणीत ते सुमारे ४.३७ भरतं. पण जुन्या मशीनचा ड्राइव्ह डीव्हीडी वाचतो का, हे आधी बघा. उबुंटू या लिनक्सवाले २०११ पर्यंत मागेल त्याला पोस्टाने फुकट सीडी पाठवायचे. पुढे १२.१० या आवृत्तीपासून, म्हणजे २०१२ च्या ऑक्टोबरपासून, त्यांची डेस्कटॉप इमेज सीडीत मावेनाशी झाली. आज सीडीपुरतं लिनक्स हवं असेल तर पपी किंवा अँटीएक्सची धाकटी रूपं बघा.

'ओव्हरबर्न' नावाचा एक पर्याय दिसेल. सीडीच्या कडेला चार-दोन मिनिटं जास्त कोंबायची. करू नका. तिथली कडा सगळ्यात कमी भरवशाची असते, आणि नेमकी तिथेच तुमची फाईल संपणार.

५. फाईल धड डाउनलोड झाली आहे का?

चौथी सीडी इथे गेली. डाउनलोड मधे तुटलं होतं, पुन्हा जोडलं होतं, आकार पूर्ण दिसत होता. सीडी झाली, मशीन चालूही झालं, आणि अर्ध्या वाटेत अडलं. मी सीडीला दोष दिला, मग ड्राइव्हला, मग मशीनला. दोष फाईलचा होता.

एसएचए-२५६ म्हणजे फाईलचा अंगठा समजा: ६४ अक्षरांची ओळ. फाईलमधला एक बाइट बदलला तरी सगळी ओळ बदलते. सेव्हन-झिप बसवल्यावर फाईलवर उजवं क्लिक केलं की 'सीआरसी एसएचए' असा मेनू येतो, त्यात 'एसएचए-२५६' निवडा. मिनिटभर थांबा. आलेली ओळ आणि डाउनलोडच्या पानावर दिलेली ओळ एकच हवी. मी पहिली आठ आणि शेवटची आठ अक्षरं जुळवते. डाउनलोड बिघडलं आहे का एवढंच बघायला तेवढं पुरतं. जुळली नाहीत तर फाईल पुन्हा उतरवा. सीडीला हात लावू नका.

ज्यांचं नेट अधूनमधून जातं त्यांनी टॉरंटचा (फाईल तुकड्यातुकड्याने उतरवायच्या रीतीचा) पर्याय दिला असेल तर तो घ्यावा. टॉरंटमध्ये प्रत्येक तुकडा येतानाच तपासला जातो.

६. कोरी सीडी

सीडी-आर एकदाच लिहिता येते, सीडी-आरडब्ल्यू पुसून पुन्हा. शिकायला आरडब्ल्यू स्वस्त पडेल असं वाटतं, पण फार जुने ड्राइव्ह ती वाचत नाहीत, कारण तिच्यावरून लेझर कमी परावर्तित होतो. जुन्या मशीनसाठी सीडी-आरच घ्या.

पूर्वी मोझर बेअरच्या सीडी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानातही मिळायच्या. आता पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला शोधाव्या लागतात, किंवा ऑनलाइन मागवाव्या लागतात. बिननावाच्या, नळकांड्यात सुट्ट्या ठेवलेल्या सीडी स्वस्त मिळतात. माझी पाचवी तशीच होती. ती दुकानात किती वर्षं उन्हात पडून होती देव जाणे. सीडी-आरमध्ये माहिती साठते ती सेंद्रिय रंगाच्या एका पातळ थरात, आणि उन्हाने रंगाचं जे होतं ते त्याचंही होतं.

अजून एक गोष्ट बहुतेकांना उलटी वाटते. सीडीची चकचकीत बाजू आपण जिवापाड जपतो आणि छापील बाजू बिनधास्त टेबलावर घासतो. पण रंगाचा थर छापील बाजूलाच चिकटून असतो, वर फक्त लाखेचं पातळ आवरण. खालून एक मिलिमीटरहून जाड प्लास्टिक त्याला राखतं. खालचा बारीक ओरखडा चालून जातो, वरचा थेट माहितीच खरवडतो. म्हणून बॉलपेनने लिहायचं नाही, आणि चिकट लेबल तर नकोच.

७. आता बर्न

आधी चालू असलेले बाकीचे प्रोग्रॅम बंद करा. लॅपटॉप असेल तर चार्जर लावा, डेस्कटॉप असेल तर यूपीएस बघा. सातवी सीडी भारनियमनाने खाल्ली. आमच्याकडे वीज जायची वेळ ठरलेली होती, आणि मी त्याआधीच्या पाच मिनिटांत काम उरकायला निघाले होते. सीडी-आर मधे तुटली की तुटली, पुन्हा तिथून पुढे लिहिता येत नाही.

कोरी सीडी घातल्यावर विंडोज विचारेल, ही सीडी कशी वापरणार? पेनड्राइव्हसारखी की सीडी-डीव्हीडी प्लेयरमध्ये? दोन्ही उत्तरं आपल्या कामाची नाहीत. ती खिडकी बंद करा.

विंडोजच्या स्वतःच्या सोयीने

आयएसओवर उजवं क्लिक करा, 'बर्न डिस्क इमेज' निवडा. विंडोज ११ वर तो आधी 'शो मोअर ऑप्शन्स'च्या आत शोधा. पर्याय दिसतच नसेल तर विनरारसारख्या कुणीतरी फाईल बळकावली आहे. 'ओपन विथ' मधून 'विंडोज डिस्क इमेज बर्नर' निवडा. छोटी खिडकी उघडते. ड्राइव्ह बरोबर आहे ना बघा, 'व्हेरिफाय डिस्क आफ्टर बर्निंग' वर खूण करा, 'बर्न' दाबा. संपलं. या खिडकीत वेग निवडता येत नाही आणि बिन-क्यू तिला कळत नाही. विंडोज एक्सपीवर ही सोय नव्हतीच, तिथे वेगळं सॉफ्टवेअरच लागायचं.

इमबर्नने

मी अजूनही हेच वापरते. २०१३ ची २.५.८.० ही आवृत्ती, त्यानंतर नवी आली नाही, आणि माझं अडलंही नाही. बसवताना 'नेक्स्ट, नेक्स्ट' करत सुटू नका. फुकट सॉफ्टवेअरच्या इन्स्टॉलरमधून नको ते पाहुणे आत येतात. प्रत्येक पानावरच्या खुणा वाचा आणि नको त्या काढा.

उघडल्यावर सहा मोठी बटणं दिसतात. आपल्याला पहिलं हवं: 'राइट इमेज फाईल टू डिस्क'. आणखी एक त्याच्यासारखंच दिसतं, त्यात फक्त 'फाईल्स-फोल्डर्स' असा शब्द आहे. ते गुंडाळून देणारं. 'सोर्स'मध्ये आयएसओ किंवा क्यू निवडा, 'डेस्टिनेशन'मध्ये राइटर, 'व्हेरिफाय' वर खूण, 'राइट स्पीड'मध्ये वेग. मग खालचं मोठं बटण.

वेगाबद्दल दोन टोकाचे सल्ले मिळतात. सीडीचा १ एक्स म्हणजे सेकंदाला १५० केबी, म्हणजे पूर्ण सीडीला ८० मिनिटं. ५२ एक्स ऐकायला भारी, पण तो वेग फक्त बाहेरच्या कडेला येतो, आणि तेव्हा ती चकती इतकी गरगरते की जुन्या ड्राइव्हमधून बंब पेटल्यासारखा आवाज येतो. सहावी सीडी मी ५२ ला मारली. माझ्या मशीनवर ती चालली, वर्गातल्या एकाही मशीनने ती वाचली नाही. दुसरं टोक म्हणजे 'जितकं हळू तितकं चांगलं'. तेही खरं नाही. अलीकडच्या सीडीचा रंग जास्त वेगाच्या लेझरसाठी बनवलेला असतो, अगदी हळू लिहिल्याने फायदा होईलच असं नाही. १६ किंवा २४ ठेवा. १६ ला पूर्ण सीडी पाच-सहा मिनिटांत होते. तेवढ्यात चहा होतो.

इमबर्नमध्ये लिहून झालं की ट्रे एकदा बाहेर येतो आणि पडताळणीसाठी परत आत जातो. लॅपटॉपचा ट्रे आपोआप आत जात नाही, तो हाताने ढकलावा लागतो. हे माहीत नसल्यामुळे कितीतरी जण ट्रे बाहेर आला की सीडी काढून घेतात आणि पडताळणी राहूनच जाते. सगळं जमलं की इमबर्न एक छोटी धून वाजवतं. रात्री करत असाल तर स्पीकर बंद ठेवा.

लिनक्स आणि मॅक

ब्रासेरोमध्ये 'बर्न इमेज', के-थ्री-बीमध्येही तेच नाव. मॅकवर फाइंडरमध्ये फाईल निवडून उजव्या क्लिकच्या मेनूत इमेज डिस्कवर बर्न करायचा पर्याय मिळतो. तत्त्व एकच: 'इमेज' हा शब्द शोधा.

८. पडताळणी टाळू नका

व्हेरिफाय म्हणजे लिहिलेलं सगळं परत वाचून फाईलशी ताडून बघणं. वेळ लिहिण्याइतकाच लागतो, म्हणून लोक खूण काढून टाकतात. पण ती पाच मिनिटं वाचवली, की नंतर मशीन अडल्यावर दोष सीडीचा की मशीनचा, या घोळात अख्खी दुपार जाते.

पडताळणी झाल्यावर सीडी एक्सप्लोररमध्ये उघडा. सीडी संगणकाची असेल तर फोल्डर आणि बऱ्याच फाईली दिसायला हव्यात. आत एकटीच डॉट आयएसओ फाईल बसलेली दिसली तर शिक्का गुंडाळला गेलाय. दुसऱ्या पायरीवर परत जा. सीडी उलटी करून उजेडात धरली तर आतल्या वर्तुळापासून बाहेरपर्यंत लिहिलेल्या भागाची छटा वेगळी दिसते. लिहिणं आतून बाहेर होतं, त्यामुळे किती भरली तेही कळतं.

९. मशीन सीडीवरून चालू करा

सीडी आत ठेवूनच मशीन बंद करून चालू करा. सुरुवातीला पडद्याच्या तळाशी 'बूट मेनू'ची कळ लिहिलेली असते, बहुधा एफ१२, एफ९, एफ११ किंवा एस्केप. ती दाबा, सीडी-डीव्हीडी ड्राइव्ह निवडा. फार जुन्या मशीनवर हा मेनू नसतो. तिथे डिलीट किंवा एफ२ दाबून बायोसमध्ये जा, 'फर्स्ट बूट डिव्हाइस' ला सीडी-रॉम करा, एफ१० ने बदल जतन करून बाहेर या. विंडोजची सीडी 'कुठलीही कळ दाबा' म्हणते आणि काही सेकंदच थांबते. ती ओळ चुकली की नेहमीचंच विंडोज चालू होतं आणि आपल्याला वाटतं, सीडी बिघडली.

एक युक्ती फार कामाची आहे. प्लॉप बूट मॅनेजर नावाची एक चिमुकली आयएसओ मिळते. ती सीडीवर उमटवायची, मशीन त्या सीडीवरून चालू करायचं, आणि समोर आलेल्या यादीत यूएसबी निवडायचं. बायोसला पेनड्राइव्ह कळत नसला तरी प्लॉपला कळतो. मग लिनक्सची प्रत्येक नवी आवृत्ती पेनड्राइव्हवर घ्या, सीडी कायम तीच. मला हे आधी कळलं असतं तर मामाचं रान उघडं पडलं असतं.

१०. अडलं तर

राइटर कोरी सीडी ओळखतच नसेल तर दुसऱ्या कंपनीची सीडी घालून बघा. तीही चालली नाही तर ड्राइव्ह इतर सीडी वाचतो का ते बघा. भिंगावर धूळ असू शकते.

अगदी सुरुवातीलाच 'पॉवर कॅलिब्रेशन एरर' आला तर तो सीडी आणि राइटर यांचं न जुळल्याचा निरोप आहे. लिहिण्याआधी राइटर सीडीच्या आतल्या कडेला लेझर किती जोरात मारायचा ते अजमावून बघतो, ते जमलं नाही. वेग कमी करा किंवा सीडी बदला.

'बफर अंडररन' हे शब्द जुन्या लेखांत फार भेटतील. माहितीचा पुरवठा क्षणभर तुटला की सीडी गेली, असे दिवस होते. २००० च्या सुमारास ड्राइव्हमध्येच थांबून पुन्हा जोडून घ्यायची सोय आली, आणि ती भीती गेली. फार जुना राइटर असेल तरच काळजी करा.

तुमच्या मशीनवर चालते, दुसऱ्याच्या नाही? नवी सीडी १६ ला लिहा. तरीही नाही, तर तो ड्राइव्ह म्हातारा झालाय.

शेवटी मार्करने सीडीवर नाव, आवृत्ती आणि तारीख लिहा. नुसतं 'लिनक्स' लिहिलेल्या चार सीडी माझ्याकडे अजून आहेत आणि कुठली कुठली ते त्यांनाच ठाऊक. उभ्या ठेवा, पाकिटात, उन्हापासून लांब.

वाया गेलेल्या ज्या उन्हात जायच्या, त्यांना मधल्या भोकातून तार नका बांधू, सुती दोरा बांधा. वाऱ्यावर गिरकी घेतली तरच पाखरं बुजतात, असं मामा म्हणतो.